क्लचवरचा पाय

आमच्या जिल्ह्याचे दोन जिल्हे झाले तेव्हा विमानतळ गोंदियाच्या वाट्याला गेला. आमच्याकडे तलाव, महामार्ग आणि धान राहिला. कुणाला त्याचं वाईट वाटल्याचं मला आठवत नाही. त्या विमानतळावर आमच्या गावचं कुणी कधी गेलंच नव्हतं. पुढे बऱ्याच वर्षांनी नागपूरच्या काही हौशी लोकांनी करडी गावाच्या पुढच्या पडीत माळावर छोट्या विमानांचा क्लब काढला आणि धावपट्टी करायला घेतली. त्यांना माळ सपाट करून हवा होता. त्या भागात जमीन सपाट करायची म्हटलं की लोक माझ्याकडे बोट दाखवायचे.

आमच्या घरचा ट्रॅक्टर मीच चालवायचे. नवरा लाखनीकडे शाळेत मास्तर. शनिवारी दुपारी यायचा, सोमवारी पहाटे जायचा. दीर नागपूरला कारखान्यात. शेतीवर मी आणि धाकटी जाऊ. रोवण्याच्या, म्हणजे धानाची रोपं लावायच्या दिवसांत सगळ्या गावाला एकाच आठवड्यात ट्रॅक्टर हवा असतो आणि भाड्याचा ट्रॅक्टर बाईच्या बांधीवर, म्हणजे धानाच्या खाचरावर, सगळ्यांत शेवटी येतो. दोन वर्षं आमची रोपं वाट पाहून वाढून गेली. तिसऱ्या वर्षी आम्ही एक जुना ट्रॅक्टर घेतला आणि मी चालवायला शिकले. सिहोऱ्याकडच्या एका म्हाताऱ्या ड्रायव्हरने शिकवलं. मडगार्डवर बसून तो सुपारी कातरत राहायचा आणि चुकलं की नुसता कातरणं थांबवायचा.

रस्त्यावर ट्रॅक्टर कुणालाही येतो. खरं काम चिखलाचं. बांधीत पाणी भरायचं, मागच्या चाकांना लोखंडी चाकं लावायची आणि माती लोण्यासारखी होईपर्यंत गोल गोल फिरायचं. त्यात एक धोका असतो. मागची चाकं खोल रुतली आणि इंजिनाचा जोर चालूच राहिला, की चाकं फिरायच्या ऐवजी ट्रॅक्टरच स्वतःभोवती उलटायला बघतो. पुढची चाकं हवेत उठतात, आणि एक-दोन म्हणेपर्यंत सगळं धूड मागे ड्रायव्हरच्या अंगावर येतं. त्याला उपाय एकच: डाव्या पायाने क्लच पूर्ण दाबायचा. जोर तुटतो, पुढचा भाग खाली आपटतो. विचार करायला वेळ नसतो, पायालाच ते माहीत असावं लागतं. आमच्या भागात असा उलटलेला ट्रॅक्टर मी दोनदा पाहिला आहे. एकदा ड्रायव्हर वाचला होता.

म्हाताऱ्याने ते माझ्या पायात कसं घातलं ते सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. चिखलात फिरताना समोरच्या धुऱ्याकडे, म्हणजे बांधीच्या बांधाकडे बघत राहायचं आणि प्रत्येक श्वासाला तोंडाने म्हणायचं, "दिसते, दिसते, दिसते." पुढचा भाग उचलला की बोनेट वर येतं आणि धुरा झाकला जातो. तोंड बंद पडलं की पाय खाली गेला पाहिजे. वीस दिवस मी दिसते दिसते म्हणत फिरले. बाजूच्या बांधीत रोवणा करणाऱ्या बायका मला वेडी समजल्या. एकविसाव्या दिवशी पुढची चाकं खरंच उठली, आणि ती खाली आपटल्यावर मला कळलं की माझा पाय आधीच जाऊन आला होता. म्हाताऱ्याने सुपारी कातरायला घेतली. दुसऱ्या दिवसापासून तो आला नाही.

तर क्लबच्या माळावर मी ट्रॅक्टरला माती ओढायचा पाटा लावून पट्टी केली. बांध्यांत पाणी एका पातळीत उभं करायची सवय असल्याने उंच-सखल माझ्या डोळ्याला लगेच कळतं. पहिल्या पावसाळ्यानंतर त्या पट्टीवर कुठेही डबकं नव्हतं. तिथले शिकवणारे सर हवाई दलातून निवृत्त झालेले, वय साठीच्या आसपास, मूळचे आमच्याच तुमसर तालुक्यातले. एवढी वर्षं देशभर फिरूनही बोली तशीच. त्यांनी पट्टी पायाखाली घालून पाहिली आणि भाड्याचं विचारलं. मी म्हटलं, भाडं राहू द्या, दर पावसाळ्यानंतर पट्टी मीच नीट करून देईन, तुम्ही मला हे चालवायला शिकवा.

असं का म्हटलं, हे मला तेव्हापासून लोक विचारतात. लहानपणापासून आकाशात उडायची इच्छा होती वगैरे काही नव्हतं. पट्टी करताना मी ते विमान जवळून बघत होते. दोन माणसांचं, नळ्या आणि कापडाचं, माझ्या ट्रॅक्टरपेक्षा लहान इंजिनाचं. प्रत्येक तार कुठून निघून कुठे जाते ते उघड दिसत होतं. मला ते समजण्यासारखं वाटलं. आणि माझ्या माहेरी आजोबांनी धम्माची दीक्षा घेतली त्या दिवसापासून एक नियम होता, की कुणी काही शिकवत असेल तर आधी बसून घ्यायचं, उपयोग काय ते नंतर बघायचं. त्या नियमापायी मी टायपिंग, शिवण आणि होमिओपॅथीचा पत्रव्यवहाराचा कोर्स एवढं सगळं शिकलेले होते. विमान त्या यादीत फार वेगळं वाटलं नाही.

नवऱ्याला शनिवारी सांगितलं. तो जेवत होता. घास गिळून म्हणाला, "पडशील त आपल्याच बांधीत पडजो. दुसऱ्याचा धान कायले खराब करतं." एवढ्यावर परवानगीचा विषय संपला. डॉक्टरी तपासणी, फॉर्म, फोटो यांत दोन महिने गेले. जानेवारीत मी पहिल्यांदा उजव्या बाजूच्या सीटवर बसले, आणि दोन फेऱ्यांनंतर डाव्या बाजूच्या.

हवेत गेल्यावर विमान सोपं असतं. हातात एक दांडा. पुढे ढकलला की नाक खाली, ओढला की वर, बाजूला केला की तिकडे कलतं. पायाखाली दोन पट्ट्या असतात, त्या शेपटीचं उभं पातं वळवतात: उजवी दाबली की नाक उजवीकडे, डावी दाबली की डावीकडे. ज्याला सगळे घाबरतात ते उतरणं मला चौथ्या दिवशी जमलं. जमीन किती वितींवर आहे हे सांगायची माझ्या डोळ्यांची जुनी सवय. सर म्हणाले, एवढ्या लवकर उतरायला शिकलेलं माणूस त्यांनी पाहिलं नाही, आता चढायचं तेवढं बघा.

चढताना माझं चुकायचं. पट्टीवर धावत असताना विमान सरळ असायचं. वेग आला, मी दांडा ओढला, पुढचं चाक उचललं, की त्याच क्षणी विमान झटक्याने डावीकडे वळायचं आणि डावा पंख खाली जायचा. सर प्रत्येक वेळी ते सावरून घ्यायचे. सुरुवातीला त्यांना त्यात नवल वाटलं नाही. इंजिनाच्या फिरण्याने विमानाचं नाक त्या वेळी तसंही डावीकडे ओढलं जातं, म्हणून शिकणाऱ्याला उजवा पाय थोडा दाबून ठेवायला सांगतात. मी उजवा पाय दाबायचे. तरीही विमान डावीकडेच जायचं, आणि इतक्या जोरात, की एकदा सरांनी दांडा माझ्या हातातून हिसकावून घेतला.

उतरल्यावर ते म्हणाले, "तुमचा डावा पाय काय करून राहिला, बाई?"

मी म्हटलं, काही नाही करत.

"काही नाई? लात मारते तो. मी डोळ्याने पाहिलं."

माझा विश्वास बसला नाही. सरांनी समजावून सांगितलं, की जमिनीपासून दोन माणसं उंचीवर, कमी वेगात, पायाखालची डावी पट्टी अशी पूर्ण दाबली गेली आणि ते शेजारी नसले, तर डावा पंख हवा सोडेल आणि विमान त्या बाजूने जमिनीत शिरेल. सावरायला उंचीच उरलेली नसेल. जोपर्यंत तो पाय गप्प बसत नाही तोपर्यंत ते मला एकटीला सोडणार नव्हते. एकट्याने एक फेरी मारल्याशिवाय पुढचं शिक्षण नसतं. माझ्यासोबत सुरू केलेले दोघे एप्रिलपर्यंत एकटे उडाले. त्यांतल्या एकाला उतरताना जमीन कुठे आहे तेही नीट कळायचं नाही. मी जूनपर्यंत सरांच्या शेजारीच होते. मग पाऊस लागला आणि विमान शेडमध्ये गेलं.

जुलैत आमच्या बांध्यांत चिखल सुरू झाला. तलावाच्या पोटाशी असलेल्या आमच्या एका बांधीच्या कोपऱ्यात पाझर आहे, तिथे माती कायम जास्त खोल. तिसऱ्या दिवशी त्या कोपऱ्यात ट्रॅक्टरचा पुढचा भाग उचलला, समोरचा धुरा बोनेटमागे गेला, माझा पाय खाली गेला आणि ट्रॅक्टर चिखलात आपटला. असं वर्षातून दोन-तीनदा व्हायचंच. मी गिअर टाकायला हात नेला आणि तसाच ठेवला. धावपट्टीच्या शेवटी पळसाची रांग होती. विमानाचं पुढचं चाक उचललं, की नाकामागे ती रांग झाकली जायची.

मी इंजिन चालू ठेवून तिथे किती वेळ बसले होते कोण जाणे. रोवणा करणाऱ्या बायांनी विचारलं, बिघडलं का काही. मी म्हटलं नाही.

कारण सापडलं म्हणजे काम झालं, अशी माझी समजूत होती. नोव्हेंबरात पट्टीवर पाटा फिरवून झाला आणि मी सरांना सगळं सांगितलं. दिसते दिसतेसकट. त्यांनी मला खुर्ची दिली, चहा सांगितला आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावलं. मग आम्ही उडालो. पाय उन्हाळ्यापेक्षाही जोरात गेला. जुलैत मी त्याची पुन्हा चांगली तालीम करून घेतली होती ना.

सर शेडच्या दाराशी उभे राहून म्हणाले, "चिखल सोडा मग."

"चिखल सोडून कसं होईल? धान कोण लावेल?"

"ते मले नाई माहीत. मी तुमाले एकटीले सोडलं अन् तुमी डाव्या अंगावर पडल्या, त मास्तरले जाऊन मी काय सांगू? पाय लय हुशार होता बाईचा म्हणून?"

मी त्यांना सांगितलं की माणसाला दोन गोष्टी येऊ शकतात. सायकल येणाऱ्याला स्कूटर येते. ते म्हणाले, येते ना, पण सायकलवर तुम्ही मरायच्या भीतीने काही शिकलेलं नसतं. हा पाय तुम्हाला विचारून जात नाही. एक तर तो चिखलासाठी ठेवा, नाहीतर माझ्यासाठी बसवा. दर सहा महिन्यांनी तुम्ही तो तिकडे ताजा करणार असाल तर मी इकडे काहीही करू शकत नाही.

मी घरी आले ती रागातच. पुढचे तीन आठवडे मी माझ्या पद्धतीने प्रयत्न केले. खाटेच्या काठावर बसायचे, पायांखाली दोन विटा, आणि जावेने मधेच केव्हाही "उचललं" म्हणायचं. तसं म्हटलं की मी उजवी वीट दाबायची. जाऊ भाजी निवडता निवडता म्हणायची, पीठ मळता मळता म्हणायची. विटांवर माझा पाय बरोबर जायचा. विमानात गेले की पळसाची रांग झाकली जायची आणि डावा जायचा. शेवटी एक उपाय मलाच सापडला. पाय डोळ्यांच्या मागे जातो, मग डोळ्यांनी समोर बघायचंच नाही. चाक उचलायच्या क्षणी मी डावीकडे, पट्टीच्या काठावरच्या गवताकडे बघायला लागले. सर म्हणाले, हे चालतं, तसंही नाक वर असताना बाजूलाच बघतात. दहांतल्या सात वेळा विमान सरळ चढायला लागलं. उरलेल्या तीन वेळा माझं डोकं सवयीने समोर वळायचं.

डिसेंबर संपत आला. उन्हाळी धानाचे पऱ्हे, म्हणजे रोपांचे वाफे, टाकून झाले होते. आमच्याकडे कालव्याचं पाणी येतं, त्यामुळे जानेवारीत पुन्हा चिखल.

खाटेवर विटा दाबत असताना जाऊच म्हणाली, "ताई, यंदाचा चिखल मी करतो."

ती रस्त्यावर आणि कोरड्या शेतात ट्रॅक्टर चालवायची. ट्रॉली मागे घेण्यात ती माझ्यापेक्षा चांगली. चिखलात मी तिला कधी उतरू दिलं नव्हतं. विचारलं की म्हणायचे, अजून हात बसू दे. असं म्हणत सहा वर्षं झाली होती. तिचा हात केव्हाच बसला होता. चार गावांत चिखल करणारी बाई एकच होती आणि रोवण्याच्या आधी लोक माझ्या दारात येऊन तारीख धरायचे, ते मला आवडायचं. हे मी तेव्हा तिच्यासमोर कबूल केलं नाही. म्हटलं, तुला तो पाय नाही. ती म्हणाली, "तुमाले तरी कोठं होता पह्यले? शिकवा."

मग मी तिला शिकवलं. मडगार्डवर मी आणि सीटवर ती, पाझर नसलेल्या बांधीत. म्हाताऱ्याने मला लावलं होतं तेच मी तिला लावलं. ती माझ्यापेक्षा मोठ्याने म्हणायची. आठव्या दिवशी मी तिला एकटीला त्या पाझराच्या बांधीत जाऊ दिलं आणि धुऱ्यावर उभी राहिले. दोन फेऱ्या झाल्या. तिसऱ्या फेरीला कोपऱ्यात तिचा आवाज बंद झाला, पुढची चाकं वर आली, आणि चिखल उडवत ट्रॅक्टर खाली आपटला. तिने बरोबर केलं होतं. तिचं तोंड मातीने माखलं होतं आणि ती हसत होती.

मी खाली बघितलं. माझा डावा पाय धुऱ्याच्या ओल्या मातीत घोट्यापर्यंत गेला होता आणि चप्पल आत राहिली होती.

तिथेच मला कळलं, की नुसती सीट सोडून भागणार नाही. चिखलातला ट्रॅक्टर मी बघितला तरी तो पाय ताजा होणार होता. सरांनी फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात मला एकटीला सोडायचं ठरवलं होतं, तेही अट घालून: त्याआधी सलग वीस उड्डाणांत पाय एकदाही जाता कामा नये. म्हणजे तोपर्यंत मी धुऱ्यावर जायचं नाही. आणि ती शिकून आठ दिवस झालेली, तिच्या सीटमागे कुणी नाही, त्या कोपऱ्याशी कुणी उभं नाही.

रात्रीच्या जेवणाला मी तिला हे सांगितलं. नवरा शनिवारचा घरी होता. तो म्हणाला, धुऱ्यावर उभी राहून तू करणार काय होतीस, ट्रॅक्टर धरणार होतीस? बरोबर होतं ते. उलटायला लागलेला ट्रॅक्टर कुणी धरू शकत नाही. तरी मला उभं राहायचं होतं. जाऊ म्हणाली, तुमी जा, मले तुमच्याकडे पाहून उलटी भीती वाटते. मी तिला पाझराचा कोपरा सोडून द्यायला सांगितला; तेवढ्या जागी कुदळीने माती करू. ती हो म्हणाली. ती करणार नाही हे मला माहीत होतं. मीही सोडला नसता.

त्यानंतर रोज सकाळी मी शेताच्या उलट्या बाजूने, तलावाची पाळ चढून, पट्टीवर जायचे. लांब पडायचं, पण त्या वाटेने बांध्या दिसत नाहीत. ट्रॅक्टरचा आवाज मात्र यायचा. इंजिनावर जोर पडून आवाज भरून आला की मी थांबायचे, मोकळा झाला की पुन्हा चालायला लागायचे. पट्टीवर गवताकडे बघत उडायचे. नऊ, अकरा, चौदा. पंधराव्या वेळी पाय जरासा हलला. सरांनी आकडा पुन्हा एकावर आणला.

वीस पूर्ण झाले त्या दिवशी सकाळी वारा नव्हता. सर विमानातून उतरले, त्यांच्या सीटचा पट्टा बांधून टाकला, म्हणजे तो लोंबकळून कशात अडकणार नाही, आणि खिडकीशी वाकून सावकाश बोलले. एक फेरी मारायची, उतरायचं, बाकी काही नाही. "एक ध्यानात ठेवा. मी उतरलो म्हणजे वजन कमी झालं. नाक रोजच्यापेक्षा लवकर उचलन, अन् जास्त उचलन." एवढं सांगून ते शेडकडे चालत गेले आणि माझ्याकडे पाठ करून उभे राहिले. त्यांचीही तीच अडचण होती, हे मला पुष्कळ नंतर सुचलं.

मी थ्रॉटल पुढे केला. विमान धावायला लागलं. वेग आला तशी मी डावीकडच्या गवताकडे बघितलं आणि दांडा ओढला. नाक खरंच झटकन वर गेलं. मी समोर बघितलं नाही, पण न बघताही मला कळलं की रांग झाकली गेली आहे. डाव्या मांडीत काहीतरी आवळलं. पाय डाव्या पट्टीवर होता. तो तिथेच राहिला. गवत खाली जात जात हिरवं-पिवळं झालं आणि विमान सरळ वर चाललं होतं.

फेरीचा दुसरा वळसा नाल्यावरून होता. सर सोबत असताना त्या बाजूला मी कधी खाली बघत नसे. त्या दिवशी बघितलं. चढून झालं होतं, पायाचं काम संपलं होतं, आता बघायला हरकत नाही असं मनाशी म्हटलं. तलाव दिसला, तलावाच्या पोटाशी आमच्या बांध्या दिसल्या, काही आरशासारख्या, काही गढूळ. त्या पाझराच्या बांधीत, कोपऱ्याजवळ, लाल ट्रॅक्टर उभा होता. हलत नव्हता.

वरून ट्रॅक्टर चार चाकांवर आहे की उलटा आहे, ते सांगता येत नाही. मला वाटत होतं की येईल. लाल रंग दिसतो, लांबट आकार दिसतो. माणूस दिसत नाही.

खाली उतरण्यासाठी मला अजून दोन वळणं घ्यायची होती. त्याहून लवकर तिथे पोहोचायचा कुठलाही मार्ग नव्हता. मी थ्रॉटल कमी केला, वळले, पुन्हा वळले. पट्टी समोर आली. मी स्वतःला मोठ्याने सांगत होते, आता फक्त जमीन, आता फक्त जमीन. चाकं टेकली ती इतकी हलकी, की सरांना लांबून वाटलं मी अजून हवेतच आहे. त्यांनी जवळ येऊन हात पुढे केला. मी तो घेतला की नाही ते आठवत नाही. त्यांची मोटारसायकल मागितली एवढं आठवतं.

नाल्यापर्यंत मोटारसायकल जाते. पुढे धुऱ्याधुऱ्याने पळत गेले. या वयात धुऱ्यावर पळणं सोपं नाही, दोनदा पाय घसरून पाण्यात गेला. बांधीच्या तोंडाशी आले तेव्हा ट्रॅक्टर चार चाकांवर होता. इंजिन मंद चालू होतं. जाऊ मडगार्डवर उभी होती, एक हात डोळ्यांवर धरून, आणि अजून वरच बघत होती, जिथे आता काहीच नव्हतं.

मी धापा टाकत तिच्यावर ओरडले, की चिखलात गाडी उभी करून वर काय बघतेस, चाकं खोल बसली तर निघतील का.

ती सावकाश खाली बघून म्हणाली, "अन् तुमी काहून खाली पाहत होत्या?"

कोपऱ्यातली माती एकसारखी झाली होती, तिने तो सोडला नव्हता. अजून अर्धी बांधी बाकी होती. तिने विचारलं, झालं का एकटीचं. मी म्हटलं, झालं. ती म्हणाली, मग आता जा, तुम्ही इथे उभ्या राहिल्या तर मला गिअर टाकता येत नाही. एक वेळ वाटलं की म्हणावं, उतर, राहिलेलं मी करते. दोन तासांचं काम होतं.

मी चप्पल हातात घेतली आणि नाल्याकडे वळले. मागे तिने लगेच गिअर टाकला नाही. मी नाला ओलांडून दिसेनाशी होईपर्यंत ती थांबली असावी, कारण आवाज भरला तो मी मोटारसायकलजवळ पोहोचल्यावर.